पान्याला नमस्कार

मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आमच्या घरी आज नवऱ्यानं गॅराजमध्ये ग्रीसचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी थेट दहावीच्या सुट्टीत गेले. पुण्याच्या आमच्या शाळेनं तेव्हा काही मुलांना कामाच्या अनुभवासाठी इथेच मिशिगनला पाठवलं होतं. माझ्या वाट्याला गाड्या दुरुस्त करण्याचं वर्कशॉप आलं.

पहिल्याच दिवशी जमिनीवरच्या पान्याला माझा पाय लागला. सवयीनं मी वाकले, त्याला हात लावला आणि कपाळाला टेकवला. आमचे सुपरवायझर फ्रँक धावत आले. "डोक्याला लागलं?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला खुर्चीत बसवून कपाळावर बर्फाची पिशवी ठेवली आणि पुण्याहून आमच्यासोबत आलेल्या सरांना फोन लावायला घेतला. आता आपली रवानगी घरी, या विचारानं मी घाईघाईनं म्हणाले,

"लागलं नाही हो! कामाच्या वस्तूला पाय लागला की आम्ही नमस्कार करतो."

"पान्याला?"

"पान्यालासुद्धा."

त्यांनी फोन ठेवला.

शेवटच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले, तेव्हा फ्रँक एका गाडीखालून बाहेर येत होते. उठताना त्यांचा बूट माझ्या सॅकला लागला. ते थबकले. गुडघा धरून सावकाश वाकले, सॅकला हात लावला आणि कपाळाला टेकवला. कपाळावर ग्रीसचा काळाकुट्ट टिळा उमटला. माझी नक्कल करताहेत असं वाटून मी हसत सुटले.

ते मात्र हसत नव्हते, हे आज आठवतंय. आणि मी निघेपर्यंत तो टिळा त्यांनी पुसला नव्हता.