दारू प्यायलेल्याला न दिसणारी आळंबी

सातपुड्यात आळंबी खायला जायचं असेल तर भादव्यात जा, आणि तोंडाला दारूचा वास घेऊन जाऊ नका. असं का ते सांगते. शाळा माझी चौथीची, मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही पहूरचे, कापूसवाले. आमच्या यांना रोज संध्याकाळी घ्यायची सवय. जळगावच्या डॉक्टरांनी त्यांचं रक्त काढलं, नळी उभी ठेवली आणि मला दाखवली. वर पांढरी साय! आमच्या म्हशीच्या दुधावर एवढी धरत नव्हती.

"काकू, ही चरबी. दारूनं वाढलीय. अशीच राहिली तर हा माणूस हाती लागायचा नाही."

हे बाहेर येऊन म्हणतात, "वरणावर तूप तूच ओतते, अन् नाव दारूचं!"

आमच्याकडे कापूस वेचायला सातपुड्यातली रुमालीबाई यायची. ती सांगायची, आमच्याकडे भादव्यात पिणारेसुद्धा आळंबी खातात, रक्त साफ राहतं. खरं-खोटं देव जाणे, पण ती साय माझ्या डोळ्यांपुढून हलेना. यांना म्हटलं, चला. हे आले, कारण तिकडे मोहाची चांगली मिळते असं त्यांनी ऐकलं होतं!

पहूरहून जळगाव, तिथून चोपड्यावरून शिरपूर, सगळं एस.टी.नं. तापी बघायला मी खिडकीबाहेर वाकले, तर कंडक्टर ओरडला, "अक्का, मुंडी आत! तापी कुठं पळून नाही चालली!" शिरपूरला स्टँडवर मिरचीची भजी खा, अजून तोंडाला चव आहे. तिथंच हे "जरा जाऊन येतो" म्हणाले आणि बडीशेप चघळत परत आले.

पुढे जीप, मग पायी चढण. गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. घरी पोचलो तशी रुमालीबाईनं पाणी दिलं, यांच्याकडे पाहिलं आणि हसली.

"आबा, बडीशेप भलती खादी!"

मग तिनं त्यांच्याकडची रीत सांगितली. "जो खाई, तोच खुडी. अन् पेयेल मानूसले आळंबी दिखत नही."

"मले काय मोतीबिंदू झाला का?" हे तणतणले.

सकाळी ती आम्हाला वारुळांच्या उतारावर घेऊन गेली. यांनी झुडपं धुंडाळली, पाला उपसला. एक आळंबी सापडेल तर शपथ! मी मात्र खाली वाकले तेव्हा पाल्याखाली ताजे खुडलेले देठ दिसले. पांढरे, अजून ओले. बाई पहाटेच येऊन गेली होती! मी पाला परत सारला.

त्या दिवशी यांना नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा. शेजारचा म्हातारा मोहाची घेऊन आला, तर हे म्हणाले, "आज नको, उद्या डोळ्यांचं काम आहे."

पुढच्या सकाळी रुमालीबाई दुसऱ्याच उतारावर निघाली. आणि काय सांगू, वारूळ सगळं छत्र्यांनी भरलेलं! हे पोरासारखे ओरडले, "दिसली! अगं, दिसली मले!" बाईनं एकेक उलटून पाहिली, दोन फेकल्या. तुम्हीही ओळखणाऱ्या माणसाशिवाय हात लावू नका, विषारीही अशाच दिसतात. काळ्या मसाल्यात शिजवली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी खाल्ली. मटण विसराल.

निघताना रुमालीबाईनं यांना बजावलं, "पुढला भादवामा या. पण आते प्यायनात तं डोया जातीन." म्हणजे मधे प्यायलात तर डोळे जातील. वर्षभर! मला वाटलं, जळगाव येईपर्यंतसुद्धा टिकायचं नाही.

टिकलं. चिडचिड झाली, हात थरथरले, डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, पण टिकलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. वरचं पाणी स्वच्छ, पलीकडचं सूत दिसेल असं. मी आळंबीचं सांगितलं, तर ते म्हणाले, "काकू, आळंबीचं मला माहीत नाही. दारू सुटली, एवढं मला दिसतंय."

त्यानंतर प्रत्येक भादव्यात आम्ही गेलो. एकदा ओट्यावर आळंबी निवडता निवडता मला राहवलं नाही. म्हटलं, "पहिल्या दिवशी बाईनं फसवलं होतं हो तुम्हाला. देठ होते पाल्याखाली."

यांनी मान वर केली नाही. "तुले काय वाटलं, ते मले दिसले नव्हते?"