कावळ्याच्या आधी

बेंबळीच्या शाळेत बदलून आले तेव्हा खोली मिळवताना माझ्या नाकी नऊ आले. एकटी बाई, त्यातून तुळजापूरच्या पौरोहित्य करणाऱ्या घरातली, म्हणजे हिचं सोवळंओवळं फार असणार, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. शेवटी गजराबाईंनी ओसरीलगतची खोली दिली. अट एकच घातली.

"बाई, शेळ्यांचा वास येतोय म्हनायचं न्हाय."

मी म्हटलं, नाही म्हणणार. वास येतो, पण मी म्हणत नाही. अजून त्याच खोलीत आहे.

गजराबाई म्हणजे मूठभर देह आणि गावभर आवाज. पलीकडच्या माळावर चरणाऱ्या शेळ्या त्या घरातून हाक मारून परत बोलवत. नवरा, गुंडाप्पा आबा, जन्मभर शेळ्यामेंढ्यांमागं हिंडलेले. बोलायचं काम त्यांनी बायकोवर सोपवलेलं होतं. मुलगा कुमार एसटीत कंडक्टर. दिवसभर "पुढं सरका" म्हणून घसा बसलेला, त्यामुळे घरी तोही गप्पच. सून मोनिका शिवणकाम करी, आणि नात समृद्धी माझ्याच वर्गात होती, हे तिचं दुर्दैव.

एका शिमग्याच्या सुमाराला आबा गेले. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड मांडले. बेंबळीत कावळ्यांना काही तोटा नाही. माझ्या हातातली पोळी पळवून नेतात. पण त्या दिवशी समोरच्या बाभळीवर सगळी पंगत बसून होती आणि एकही खाली उतरेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहून गेली. मग ती कोणती असेल याचा अंदाज बांधत एकेकानं पुढं व्हायचं आणि हात जोडून कबूल करत जायचं, ही रीत. कुमार म्हणाला, "आबा, शेळ्या इकणार न्हाय." कावळे हलले नाहीत. भावकीतला एक जण म्हणाला, "बांधाचं भांडण मिटवतो." हलले नाहीत. गजराबाईंचा धाकटा भाऊ बब्रुवान येरमाळ्याहून आला होता. तो म्हणाला, "दाजी, आमचं काय चुकलं आसंल तर पदरात घ्या." कुणीतरी पिंडाशेजारी तंबाखूची पुडीसुद्धा ठेवून पाहिली. ऊन डोक्यावर आलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले.

तेव्हा गजराबाई उठल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शेळ्यांना हाक मारायचाच होता.

"आवं, मानूस उभा जलम घरात व्हता. तवा एकानं इचारलं न्हाय, तुला काय पायजे म्हनून. म्याबी न्हाय. आन आता कावळ्याला इचारताय व्हय?"

गुरुजींनी मुकाट्यानं दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि कार्य उरकलं. येताना कुमारचा चेहरा मी पाहिला. बापाच्या चितेपाशीही तो इतका पडलेला नव्हता.

बाकीच्यांनी ते बोलणं दुःखाच्या भरातलं म्हणून सोडून दिलं. गजराबाईंनी नाही सोडलं. पुढच्या अमावस्येला गोठ्याशेजारच्या कडुलिंबाखाली त्यांनी सतरंजी अंथरली. अमावस्येला आमच्याकडे बरेच जण औत धरत नाहीत, त्यामुळे दुपार कलली की माणसं रिकामी असतात. त्यांनी दारावरून जाणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाका मारल्या. "या, बसा. कावळ्याच्या आधी सांगून ठिवा." पहिल्या वेळी तिघं आली, त्यांतली दोन केवळ चहासाठी.

मला सुरुवातीला हे अजिबात पटलं नाही. आमच्या तुळजापूरच्या घरी वडिलांना, नारायणरावांना, श्राद्धाचे सगळे मंत्र मुखोद्गत. पण स्वतःच्या मरणाचा विषय निघाला की "शुभ बोला" म्हणत ते ताटावरून उठत. मी त्यांचीच लेक. लिंबाखाली सिताबाई म्हणून एक म्हातारी आपलं सांगू लागली, की मी गेल्यावर माझ्या आंधळ्या बहिणीला कुणीतरी रोज हाक मारत जा. मी चटकन म्हटलं, "अहो, काही होत नाही तुम्हाला!"

गजराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गात मी तसं पाहिलं असतं तर मुलं रडली असती.

"बाई, त्ये वाक्य इथं चालत न्हाय. त्या वाक्यानं मानसाचं तोंड बंद हुतंय. जे म्हनंल त्यानं समद्याला च्या करायचा. उठा."

मी उठले. पहिल्या काही महिन्यांत बैठकीचा चहा बहुतेक मीच केला. पण मग ऐकायची सवय लागली, आणि खरं सांगते, ऐकायला मला आवडायला लागलं. माणसांचं मागणं फार लहान असतं. एकाला आपल्या बैलाशेजारच्या खाटेवर शेवट हवा होता. एकीला सवतीच्या मुलाच्या हातचं पाणी हवं होतं आणि ते त्याला कसं विचारावं कळत नव्हतं. तो तिच्या मागंच बसला होता. चन्नबसप्पा म्हणून किराणा दुकान चालवून आता घरी बसलेले लिंगायत आजोबा दर वेळी येत. म्हणायचे, "आमच्यात बसवून पुरतात. कावळ्याचा आन आमचा संबंध न्हाय. म्या आपला गजराबाईचं भांडन ऐकायला येतो." पण त्यांनीच एकदा सांगितलं, की थोरल्या मुलाशी बोलणं बंद आहे, तो खांदा द्यायला येईल की नाही याची धास्ती वाटते. तिथल्याच एकानं निरोप पोचवला. मुलगा खांद्याची वाट न बघता दिवाळीलाच आला.

हे सगळं गावभर झालं, घरात मात्र नाही. कुमार त्या सतरंजीवर एकदाही बसला नाही. अमावस्येला सुट्टी असली तरी तो दुचाकी पुसत बसे, नाहीतर येडशीला मित्राकडे निघून जाई. जेवताना गजराबाईंनी विषय काढला, की "माय, आभद्र बोलू नगंस" म्हणून पाणी प्यायला उठे. गावाला तोंड उघडायला लावणाऱ्या बाईचं पोटचा पोरगा ऐकत नव्हता. त्या मला म्हणत, "बाई, समद्यांचं ऐकून माझं पोट भरलंय. माझं ऐकनारा एकच पायजे, आन त्योच पळतोय."

दोन वर्षं अशी गेली. मग त्यांना धाप लागायला लागली. पायांवर सूज आली. कुमारनं सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं: हृदय थकलं आहे, गोळ्यांनी काही काळ निभेल, त्यापुढं फार काही करण्यासारखं नाही. घरी परतल्यावर कुमारनं पहिलं काम केलं ते सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकण्याचं.

"ह्या बैठकीनंच झालंय हे. सारखं मरन, मरन. बास आता."

मला राग आला. रागावले की मी फार नम्र बोलते. म्हटलं, "कुमारदादा, हृदयाला बैठकीचं काय कळतंय?" तो ड्युटीवर निघून गेला. मोनिका शिवणयंत्रावर मान खाली घालून बसली होती. ती म्हणाली, "बाई, त्यांना रागवू नका. आबा गेल्यापासून झोपेत दचकून उठत्यात. इचारलं तर सांगत न्हाईत."

पुढची अमावस्या आली. सतरंजी नव्हती, तरी दुपार कलताच माणसं आली. चन्नबसप्पांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि मातीतच बसकण मारली. बाकीचे बसले. मोनिकाचा हात धरून गजराबाई बाहेर आल्या, लिंबाला टेकल्या आणि दम घेत म्हणाल्या, "आज माझी पाळी हाय."

कुमार त्या दिवशी घरीच होता. ओसरीवरून तरातरा आला.

"उठा समदे! काय होत न्हाय माझ्या मायला! कळलं का? काय होत न्हाय तिला!"

कुणी हललं नाही. मग चन्नबसप्पा अगदी हळू म्हणाले, "कुमार, च्या तुझ्याकडं."

मला वाटलं, आता हा म्हाताऱ्याच्या अंगावर जाणार. पण नियम त्याला ठाऊक होता. गाडी पुसता पुसता त्यानं तो कितीदा तरी ऐकला होता. आणि दारात बसलेल्या माणसांना चहा नाही म्हणायचं, हे त्या घरात कुणाला जमण्यासारखं नव्हतं. तो आत गेला. भांडी आपटल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी उकळत राहिलं, मग सगळं शांत झालं. मोनिका उठायला लागली तशी गजराबाईंनी तिचा हात दाबला.

तो ताट घेऊन आला तेव्हा डोळे लाल होते. एकेकाच्या हातात कप दिला. शेवटचा आईला दिला आणि तिथंच तिच्या पायांशी बसला.

"माय, आबांनी मला हाक मारली व्हती. शेवटच्या दिशी. म्हनले, कुमार, बस जरा, सांगायचंय. म्या ड्युटीवर निघालतो. म्हनलो, काय होत न्हाय तुम्हाला, निजा. आन परत आलो तर..." त्यानं आईचे पाय धरले. "म्हनून शिवला न्हाय कावळा. माझ्यामुळं शिवला न्हाय. काय सांगायचं व्हतं गं त्यांना?"

इतका मोठा माणूस, तो लेकरासारखा रडला. माझ्या हातातला चहा निवून गेला. मला वाटलं, गजराबाई आता काहीतरी रचून सांगतील. मी असते तर सांगितलं असतं. ते तुला आशीर्वाद देणार होते, वगैरे. त्यांनी तसं केलं नाही.

"मला न्हाय म्हाईत, लेकरा," त्या म्हणाल्या. "शेळ्यांचं आसंल, न्हायतर तंबाखू दे म्हनायचं आसंल. त्ये गेलं. आता घावायचं न्हाय. तू बाप मारला न्हायस, कामाला निघालतास. पर म्या हाय न्हवं हितं? मला इचार की."

कुमारनं बाहीनं तोंड पुसलं.

"माय," तो म्हणाला, "तुला काय पायजे?"

आणि गजराबाई हसल्या. दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं सुटलं. मला पुन्हा सोलापूरला न्यायचं नाही, नाकातोंडात नळ्या नकोत. ह्या लिंबाखाली खाट टाका, शेळ्यांचा आवाज कानावर पडू दे. कबरी शेळी समृद्धीची. तोंडात पाणी घालताना रडायचं नाही. "हात थरथरतोय तुझा, नाकात जाईल माझ्या." माणसं हसायला लागली. शेवटचं लुगडं माहेरचं, रिवाजाप्रमाणं. पण विधवा म्हणून बब्रुवाननं पांढरंफटक आणलं तर परत पाठवा. "डाळिंबी रंगाचं पायजे. जल्मात कुनी घेतलं न्हाय मला." चन्नबसप्पा डोळे पुसत म्हणाले, "ह्यो रंग धाराशिवला मिळतोय, सांगून ठिवतो."

माळ्यावरची सतरंजी कुमारनं त्याच संध्याकाळी खाली काढली.

त्यानंतरचे महिने त्या घरात मी पाहिले, ते माझ्या आठवणीतले सगळ्यात बोलके महिने. कुमार ड्युटीवरून आला की खाटेशी बसे. बोलायला एकदा सुरुवात झाल्यावर मायलेक मरणाबद्दल फारसं बोललेच नाहीत. शेळ्या, भावकी, एसटीत भांडणारे प्रवासी, माझ्या स्वयंपाकाची टिंगल, हेच चाले. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं, तेव्हा कुमारनं आणि मोनिकानं आईला दुचाकीवर मध्ये धरून रानात नेलं. त्यांनी ज्वारीच्या पिकात बसून शेंगा-भाज्यांची घट्ट भज्जी चाखली, पेलाभर आंबील प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, आता कसं मोकळं वाटतंय."

माघात एका सकाळी, लिंबाखालच्या खाटेवर, शेळ्या रानात सोडायच्या आधी त्या गेल्या. कुमारनं पाणी घातलं. हात थरथरला, पण तो रडला नाही; ते सगळं त्यानं नंतर केलं. मी मात्र तेव्हाच केलं, मला कुणी अट घातली नव्हती. बब्रुवान डाळिंबी लुगडं घेऊन आला. भावकीतल्या दोघी कुजबुजल्या. मोनिकानं त्यांच्याकडे लक्ष न देता लुगड्याची घडी मोडली आणि सासूच्या अंगावर नीट पसरली. फार शोभलं त्यांना.

दहाव्याला आम्ही पुन्हा ओढ्याकाठी. पिंड मांडले. बाभळीवर कावळे बसलेले. एकही उतरेना. एवढं सगळं केलं आणि ह्या मेल्यांना अजून काय हवंय, असं मी मनात म्हटलं. गर्दीत चुळबुळ सुरू झाली. बब्रुवान कासावीस होऊन पुढं झाला आणि त्यानं हात जोडले. "अक्का, कुमारला आमी अंतर देनार न्हाय..."

कुमारनं त्याचे जोडलेले हात खाली घेतले.

"नगा मामा. कुनी काय कबूल करू नगा. मायनं समदं सांगितलंय, आन समदं झालंय. कावळा कामात आसंल. यील."

आणि तो मामाला घेऊन तिथंच काठावरच्या दगडावर बसला. मग त्यानं विचारलं, "मामा, तवर तुमचं सांगा की. तुम्हाला काय पायजे?"

बब्रुवान गांगरला. "मला? मला काय..." तो इकडंतिकडं बघू लागला. साठी ओलांडलेल्या त्या माणसाला हे कुणी कधी विचारलंच नसावं. मग खूप हळू आवाजात तो सांगू लागला, आणि ऐकू यावं म्हणून आम्ही सगळे जवळ सरकलो. चन्नबसप्पांनी कानामागं हात धरला. पिंडाकडं कुणाचीच नजर नव्हती.

गुरुजींनी मागून हाक मारली, "कुमार, शिवला रे कावळा. कधीचाच शिवलाय."

"असू द्या गुरुजी," कुमार मान न वळवता म्हणाला. "मामा, तुमी बोला."