मावशींनी जपलेली खूण

रिपोर्ट मेल करून चार दिवस झाले होते. हिर्डोशीच्या बाजूला एका वाडीतली शाळा. तिची ओढ्याकडची भिंत सरळ आहे, वर्ग भरवायला हरकत नाही, असं मी सहीनिशी लिहिलं होतं. भोरच्या ऑफिसात आमच्या सरांसाठी व्हिडिओ करताना मी ड्रोनचा एक फोटो मोठा करून पाहिला. अंगणातली चुन्याची खूण जरा जास्तच पांढरी दिसली.

या खुणांना आम्ही कंट्रोल पॉइंट म्हणतो. ड्रोनच्या शेकडो फोटोंतून सॉफ्टवेअर इमारतीचं थ्रीडी मॉडेल करतं. ते जमिनीवर नीट बसावं म्हणून काही खुणांची जागा आणि उंची जीपीएसनं मोजून द्यावी लागते. मी पावसाळ्याआधी तीनच खुणा मोजल्या. पावसाळ्यानंतर त्या पुन्हा न मोजता नुसता ड्रोन उडवला. कारण आळस, दुसरं काही नाही. सॉफ्टवेअरनं चूक जवळपास शून्य दाखवली आणि मी खूश.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या हिराबाई मावशींना फोन लावला. अंगणाचं काही केलंत का, विचारलं.

"पावसानं लई उकरलं हुतं. वीतभर मुरूम टाकला, चोपला, सारावलं. तुमची खूण हुती तितंच परत काढली. जपा म्हनला हुता न्हवं तुमी."

खूण वीतभर वर गेली होती आणि मी जुनीच उंची भरली होती. म्हणजे त्या बाजूला खाली ओढलं जाऊन अख्खं मॉडेल ओढ्याच्या उलट, अंगणाकडे कललेलं. भिंत ओढ्याकडे झुकली असली, तरी त्यात सरळच दिसणार.

"मावशी, पोरं कुठं आहेत?"

"आत. भितीला टेकून जेवत्यात."

"ताटं घेऊन बाहेर काढा. आत्ताच."

सर म्हणाले, आधी खात्री कर, उगाच बोभाटा नको. मी गाडी काढली. पुढे रेंज गेली. मावशींनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. वाटभर मला भिंतीला टेकलेल्या पाठी दिसत होत्या. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

पोचलो तेव्हा पोरं देवळात बसली होती. वाडीतल्या गवंड्याचा ओळंबा मागून घेतला आणि भिंतीला लावला. भिंत तीन बोटं ओढ्याकडे गेली होती. ती पडली असती तर छप्पर आत आलं असतं.

रिपोर्ट मागे घेतला. आठवड्यानं गवंडी भिंत उतरवायला चढला. वरचे चार दगड त्यानं काढले, बाकीच्या भिंतीनं त्याची वाट पाहिली नाही, ती आपणच ओढ्याकडे कोसळली; तो तेवढा वाचला.

"माजंच चुकलं का, सायेब?" मावशींनी विचारलं.

नाही म्हणालो, पण त्यांच्याकडे बघवेना. तीन खुणांवर बसवलेलं मॉडेल वाकडं बसलं तरी सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही. पडताळ्याला चौथी खूण लागते. ती करायला मला दहा मिनिटं लागली असती.