कापलेलं घड्याळ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फोटोवालीचं दुकान आहे. दिवसभर ती लोकांच्या हनुवट्या वर करते. "खांदे सैल सोडा काका. हसू नका, सरकारला हसू चालत नाही." ओळखपत्राचे, परवान्याचे, अर्जाला चिकटवायचे फोटो. नवरा लग्नांत फोटो काढायचा. तो गेल्यावर तिने त्याचा कॅमेरा हातात घेतला आणि पहिल्याच रिळात अख्ख्या वऱ्हाडाची डोकी उडवली. हे ती स्वतःच सांगते, म्हणून लिहिलं.

तिचा एक नेम आहे. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही आणि काढला की मागे पेन्सिलीने त्या माणसाचं नाव आणि काम लिहायचं. शेजारणीशी भांडण झालं होतं तेव्हासुद्धा भिंतीपलीकडून ओरडून विचारलं होतं, "काढू का गं तुझ्या मांजरीचा?"

मी चळवळीतली. शाळा आठवीत सुटली, पुढचं शिक्षण पोलीस चौकीच्या बाकावर झालं. फोटोवाली मला 'मोर्चा' म्हणते. म्हणू दे.

तर गेल्या वर्षी इथल्या एका संस्थेने टूम काढली. परदेशातून तरुण मुलं येणार, दोन महिने सेवा करणार आणि करता करता वर्तमानपत्रासाठी फोटो काढायला शिकणार. सेवा कुणाची, ते मला अजून कळलेलं नाही. गाडी शिकणारे रिकाम्या मैदानात जातात ना, तसे हे आमच्या वस्तीत येतात. फक्त मैदान रिकामं नसतं, एवढंच.

या पाहुण्यांना हिंडवायला संस्थेने फोटोवालीला नेमलं. तिला त्यांची भाषा तोडकीमोडकी येते. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना दुकानात बसवून बजावलं, "आधी विचारा. मग काढा. मग नाव लिहा." सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. वही पिशवीत गेली ती गेलीच.

त्यातला एक ताडमाड उंच. दुकानात शिरताना दर वेळी चौकटीला कपाळ आपटायचा. त्याचं नाव पडलं शिडी. मुलगा वाईट नव्हता. कप स्वतः विसळायचा. पण कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचं माणूस त्याला माणूस दिसायचं नाही, चित्र दिसायचं.

एके दिवशी फोटोवाली त्याला सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात घेऊन गेली. तिथे तिची वहिनी कामाला आहे, सख्ख्या भावाची बायको. सकाळी सहापासून उकळत्या पाण्यातून चादरी काढायच्या, पिळायच्या, वाळल्या की इस्त्रीच्या गरम रुळाखालून काढायच्या. एक ते दीड जेवणाची सुट्टी. वहिनी पाच मिनिटांत डबा संपवते आणि उरलेला वेळ झोपते. झोपते कुठे, तर फाटून बाद झालेल्या चादरींच्या ढिगावर. फोटोवाली मुकादमाशी बोलत होती तेवढ्यात शिडीने झोपलेल्या वहिनीचा फोटो काढला. विचारणार कुणाला? ती तर झोपलेली.

महिन्याभराने वाचनालयाच्या दालनात प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला दवाखान्याचे मोठे डॉक्टर. समोरच्या भिंतीवर दाराएवढी वहिनी, तोंड उघडं, हात लोंबतोय, चादरीवर दवाखान्याचा शिक्का. खाली मजकूर: 'बेघर. थकलेल्या शहराचा चेहरा.'

बेघर! दोन खोल्या आहेत तिच्या. गेल्या उन्हाळ्यात वर नवा पत्रा घातलाय. त्या पत्र्याचं कौतुक ऐकून ऐकून गल्लीचे कान किटले होते.

डॉक्टरांनी चेहरा पाहिला नाही, शिक्का पाहिला. दुसऱ्या दिवशी मुकादमाने वहिनीला फाटकावरच अडवलं. कामाच्या वेळेत, रुग्णांच्या धुतलेल्या चादरींवर झोपली. घरी जा. चौकशी होईल. अकरा वर्षांची नोकरी!

मी तडक संस्थेत गेले. तिथला टायवाला म्हणाला, "ताई, शांत व्हा. कलाकाराचा एक दृष्टिकोन असतो."

"दृष्टिकोन त्याचा आणि नोकरी आमची होय रे?"

त्याने मला पाणी दिलं. मी पेला टेबलावर इतक्या जोरात आपटला की त्याच्या टायवर उडालं. मग धुलाईघरात जाऊन मुकादमावर असा काही आवाज चढवला की त्याने शिपायाकरवी मला बाहेर काढलं, आणि वहिनीच्या कागदावर एक ओळ वाढवली: नातेवाइकांनी गोंधळ घातला. मी नातेवाईक नाही. पण गोंधळ घातला, हे खरं.

"झालं समाधान?" फोटोवाली म्हणाली. "आता गप बैस, मोर्चा. मला काम करू दे."

पाहुणे फोटोंची कार्डं हरवतात म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या कॅमेऱ्यातले फोटो ती दुकानातल्या संगणकात उतरवून ठेवायची. संस्थेनेच सांगितलं होतं. तिने तो दिवस उघडला आणि वहिनीचा मूळ फोटो पडद्यावर आणला, न कापलेला.

डाव्या कोपऱ्यात भिंतीवरचं घड्याळ. सव्वा एक. उजवीकडे ढिगाच्या गाड्याला लटकलेली पाटी, हातभर लांब अक्षरात: बाद.

शिडीने दोन्ही कापून टाकलं होतं. मागाहून त्याने सांगितलं, की त्यांना तसंच शिकवतात. नजर विचलित करणारं जे असेल ते चौकटीबाहेर काढायचं. खरं तेवढं विचलित करतं वाटतं यांना!

फोटोवालीने तो फोटो मोठा छापला. मागे पेन्सिलीने वहिनीचं नाव लिहिलं, काम लिहिलं, वेळ लिहिली. मग वहिनीला घेऊन धुलाईघरात गेली. मला दारातच उभं राहायला सांगितलं, तोंड बंद ठेवून. मी राहिले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड आंदोलन ते.

मुकादमाने चष्मा पुसला, फोटो पाहिला, मान वर करून खरं घड्याळ पाहिलं. "हे पाच मिनिटं पुढे आहे."

"मग एक वाजून दहा झाले असतील," फोटोवाली म्हणाली. "सुट्टी एकलाच लागते ना, दादा?"

त्याने पाटी पाहिली. ती अजून तिथेच लटकत होती. बराच वेळ कागद चाळून शेवटी म्हणाला, "ठीक आहे. उद्यापासून ये."

वहिनीने पदर खोचला. "उद्यापासून का? आजचा अर्धा दिवस आहे की अजून." आणि सरळ आत गेली. माफी कुणी मागितली नाही. मी दारात उभी राहून ओठ चावत होते.

प्रदर्शनातला फोटो मात्र हलेना. करारानुसार तो संस्थेचा, असं टायवाला म्हणाला.

शिडीला हे सगळं कळलं तेव्हा तो दुकानात आला. कपाळ आपटलं. खाली मान घालून बसला. फोटोवालीने संगणकावर एक फोटो उघडून पडदा त्याच्याकडे वळवला. संस्थेच्या गाडीत शिडी झोपलाय, तोंड उघडं, लाळ गळतेय. कॅमेऱ्याची काच पुसून साफ झाली की नाही पाहायला म्हणून तिने एक दाबला होता आणि त्यात हा सापडला होता.

मी तर उडालेच. "काचेवर लाव! खाली लिही, बेघर परदेशी!"

"विचारू तरी दे त्याला," ती म्हणाली. आणि त्याच्या भाषेत, शब्द शोधत शोधत, तिने खरंच विचारलं: हा मी दुकानाच्या काचेवर लावू का?

त्याचे कान लाल झाले. त्याने मान हलवली. नको.

"मग नाही लावत," म्हणून तिने तो त्याच्यासमोरच पुसून टाकला.

मला इतका राग आला होता तिचा! शिडी उठून वाचनालयाकडे चालू लागला. मी मागोमाग गेले. दालनात खुर्ची ओढायचीही त्याला गरज पडली नाही. उंच होता ना. टायवाला "अरे, अरे" करत धावत येईपर्यंत त्याने वहिनीला भिंतीवरून उतरवलं, गुंडाळलं आणि काखेत मारून धुलाईघराच्या फाटकावर जाऊन उभा राहिला.

जेवणाची सुट्टी व्हायला अजून वीस मिनिटं होती. तो थांबला.