शेजारची झावळी आणि आमची गुढी

माझ्या नवऱ्याला परंपरांचं फार कौतुक. फक्त त्या दुसऱ्याच्या असाव्या लागतात.

परदेशात, टॅम्पिनीसच्या कॉन्डोतलं आमचं दुसरं वर्ष. पाडव्याला मी कपडे वाळत घालायच्या बांबूला खण बांधला, आईने पुण्याहून पाठवलेली गाठी घातली, वर तांब्याचा गडू पालथा घातला आणि बाल्कनीत गुढी उभारली. सकाळीच सिक्युरिटीवाला दारात आला. बाल्कनीबाहेर काही दिसता कामा नये, म्हणाला. नवरा "सॉरी, सॉरी" करत आत आला. मी पुऱ्या तळून बाहेर येईपर्यंत गडू सिंकमध्ये पडला होता आणि गाठी मायक्रोवेव्हवर.

"अरे, गुढी सूर्यास्ताला उतरवतात."

"उगीच तमाशा कशाला? भाड्याने राहतो आपण."

त्या दिवशी मी श्रीखंडाला हातही लावला नाही.

पुढच्याच रविवारी समोरच्या स्पॅनिश कुटुंबाने जेवायला बोलावलं. त्यांचा ईस्टरच्या आधीच्या रविवारचा, झावळ्यांचा सण होता. पोरंसोरं नव्या मोज्यांत मिरवत होती. या दिवशी अंगावर काही नवं नसेल तर हात गळून पडतात, असं त्यांची आजी हसत हसत सांगत होती. तिने दुधात भिजवून तळलेला, दालचिनी-साखर भुरभुरलेला पाव वाढला. मला ती म्हातारी फार आवडली. आणि बाल्कनीच्या कठड्याला, बाहेरच्या बाजूने, तिने मायदेशाहून लांबलचक बॅगेतून आणलेली पुरुषभर उंचीची वाळकी झावळी बांधलेली होती.

"सिक्युरिटीवाला आला नाही?" मी विचारलं.

"आला की," तिचा मुलगा म्हणाला. "ही वर्षभर इथेच राहते, असं सांगितलं. मग त्याला कॉफी पाजली."

आमचे साहेब खूश. "वंडरफुल! परदेशातसुद्धा माणसाने आपलं जपलं पाहिजे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! परक्याच्या टेबलावर तोंड उघडायचं नाही म्हणून मी पावाचा घास चावत राहिले. तोंड उघडलं ते सात वर्षांच्या लेकीने, इथल्या शाळेत शिकलेल्या इंग्रजीत.

"बाबा, हाउ कम अवर्स कॅनॉट?"

तो पाणी प्यायला लागला.

ती झावळी वर्षभर माझ्यासमोर होती. रोज चहा घेताना ती दिसायची आणि रोज मला नवऱ्याचा नव्याने राग यायचा.

पुढच्या पाडव्याला मी गुढी उभारली आणि बाल्कनीच्या दारातच खुर्ची टाकून बसले. बेल वाजली. "दार तू उघड," मी नवऱ्याला म्हटलं. "शेजारी जसं म्हणाला, तसंच सांग. ही सूर्यास्तापर्यंत इथेच राहते."

त्याने दार उघडलं. हलक्या आवाजात, हसत म्हणाला, "संध्याकाळी काढतो. माय वाइफ्स थिंग, यू नो."

गुढी सूर्यास्तापर्यंत राहिली. उतरवताना बांबू धरायला मी त्याला हाक मारली नाही. लेकीला बोलावलं.