पर्समधल्या सुया

आमच्या विणकामाच्या ग्रुपमध्ये आम्ही चौघीच. जमतो डोंबिवलीला, माझ्या घरी. प्रवासाला निघताना प्रत्येकीच्या पर्समध्ये काहीतरी अर्धवट विणलेलं, भरलेलं असतंच. परत येताना ते तेवढंच अर्धवट असतं, किस्सा मात्र नवा असतो! आता सांगताना हसतो, पण घडताना प्रत्येकीची पाचावर धारण बसलेली.

*

मी पहिल्यांदाच विमानाने दिल्लीला निघालेले. बॅगेत नातवाचा स्वेटर, सुयांवर दीडशे टाके. सिक्युरिटीच्या मुलीने नेमका तोच बाहेर काढला. सुया काढून घेतल्या की तीन महिन्यांचं काम गेलं! तिने स्वेटर उजेडात धरला, निरखून बघितला आणि एका टाक्यावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "आंटी, यहाँ एक फंदा गिर गया है."

*

माधवी गाडीत भरतकाम करत होती. कसारा घाट, शेजारी बहिणीचं सहा महिन्यांचं बाळ झोपलेलं. गचका बसला आणि हातातली सुई गायब!

"गाडी थांबव!" ती नवऱ्यावर ओरडली. दुपटं झटकलं, बाळाचे सगळे कपडे काढले, सीट चाचपली. बाळ किंचाळतंय, बहीण रडतेय, सुई कुठेच नाही. नवरा ओणवा होऊन मॅटवर हात फिरवायला लागला आणि एकदम कळवळला, "आई गं!"

माधवीने हात जोडले. "देवा, सापडली!"

*

जयश्री कोपरीची, कोळ्यांच्या घरातली. क्रोशाची सुई घेऊन सासऱ्यांच्या होडीतून खाडीत गेलेली. मध्येच इंजिन बंद! होडी वाहत पुलाच्या खांबाकडे निघाली. डिझेलच्या नळीत कचरा अडकलेला.

"दे गो तुझी ती सुई!" सासरे ओरडले.

सुईच्या आकड्याने त्यांनी कचरा ओढून काढला. खांब हातभर राहिला आणि इंजिन धडधडलं. घरी आल्यावर तिने सुई मागितली तर म्हणतात, "ती आता होडीची."

*

सुलभाकाकू टिटवाळ्याच्या, आमच्यात सगळ्यात मोठ्या. काकांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून ॲम्ब्युलन्सने ठाण्याला निघालेल्या. काकांचे डोळे मिटलेले, तोंडावर मास्क. घाईत काकूंनी हॉस्पिटलच्या फाइलची समजून पिशवी उचलली, ती निघाली विणकामाची! आत काकांच्याच स्वेटरची बाही.

त्या तीच विणायला लागल्या. "ही ओळ संपेपर्यंत ह्यांना काही होणार नाही," असं स्वतःला बजावत. एक ओळ संपली की लगेच दुसरी. कल्याणच्या पुढे ट्रॅफिक, सायरन चालू, गाडी जागची हलेना.

आणि लोकर संपली.

काकूंनी पिशवी उलटी केली. काही नाही. मग त्यांनी सुया ओढून काढल्या आणि बाही उसवायला घेतली, तीच लोकर पुन्हा विणायला.

मास्कच्या आतून बारीक आवाज आला, "अगं, चांगली झालेली की... उसवतेस कशाला?"