सहादेव मास्तरांनी लिहिलेलं मानपत्र

आप्पासाहेबांचं पत्र आलं तेव्हा सहादेव मास्तर काष्टीच्या शाळेत पोरांची कवायत घेत होते. आप्पासाहेब जिल्ह्याच्या हँडबॉल मंडळाचे अध्यक्ष. मंडळानं त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, दीर्घ सेवेचा पहिला सन्मान द्यायचं ठरवलं होतं. मास्तरांनी घाईनं पाकीट फोडलं. दुसऱ्याच ओळीत नाव होतं, श्री. दानीएल उजागरे, श्रीगोंदा. खाली विनंती होती, ‘आपण त्यांचे बालमित्र. आपले अक्षरही सुरेख. तरी मानपत्र आपणच लिहून द्यावे.’

मास्तरांनी पत्राची घडी करून खिशात घातली आणि पोरांना उगाच मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या.

दोघं नगरला मिशनच्या शाळेत एका बाकावर होते. तिथल्या परदेशी पाद्रीसाहेबांनी पोरांना हा खेळ शिकवला. बांबूचे खांब रोवायचे, चेंडू हातानं फेकून गोल करायचा. अख्ख्या मुलखात तेव्हा कुणाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. सहादेव गोल मारायचा, दानीएल खांबात उभा राहून अडवायचा. पुढं दोघं मास्तर झाले, आपापल्या शाळेत संघ उभे केले. वीस वर्षं दोघांनी सारखीच धूळ खाल्ली होती.

“सारखीच!” घरी आल्यावर मास्तर बायकोला म्हणाले. “गोल मी मारायचो, राही. ह्यो नुसता खांबात उभा.”

राहीबाई भाकरी थापत होती. “मग तसं कळवा की आप्पासायबास्नी.”

“कसं कळवू? लोक म्हनतील, पोटात दुखतंय.”

“दुखतंय तर दुखतंय,” ती म्हणाली.

मास्तर लिहायला बसले. दानीएलची सगळी हकीकत त्यांना पाठ होती, आणि तेच खुपत होतं. एकेक चांगली गोष्ट आपल्याच वळणदार अक्षरात उतरवताना जिभेवर कडू येत होतं. एकोणसाठ साली दानीएलच्या संघानं सामने जिंकले, ते लिहिलं. दानीएलनं मुलींचा संघ काढला, तेही लिहिलं. मग बहात्तर सालापाशी टाक थांबला.

त्या दुष्काळात पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेली. शाळा ओस पडल्या. मास्तरांनी संघ मोडला, चेंडू कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. दानीएलनं मात्र चेंडू काखेत मारला आणि रोज संध्याकाळी दुष्काळी कामावर जाऊ लागला. काम सुटलं की पोरं तिथं वाटलेली सुकडी खायची आणि फोडलेल्या खडीशेजारी अर्धा तास खेळायची. एक दिवससुद्धा खाडा नाही. मास्तरांनी एकदा बांधावरून ते पाहिलं होतं आणि कुणाला न दिसता परतले होते.

हे लिहिलं तर लोक विचारतील, त्या साली काष्टीचा संघ कुठं होता? मास्तरांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि थेट त्र्याहत्तर साल लिहिलं.

श्रीगोंद्याला समारंभ झाला. आप्पासाहेबांनी मानपत्र वाचलं, टाळ्या झाल्या. शाल-नारळ घेऊन दानीएल माईकपुढं उभा राहिला. “हे सहादेवानं लिहिलंय,” तो म्हणाला. “माझं इतकं दुसऱ्या कुनी ध्यानात ठिवलं नसतं.” मास्तरांना खुर्ची टोचू लागली. दानीएलनं त्यांना दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग दानीएलच्या घरी चहा झाला. त्याची बायको मरियम भिंतीवर लावलेली मानपत्राची चौकट न्याहाळत म्हणाली, “भाऊजी, दुष्काळाचं राहिलं की ह्यात.”

“जागा पुरली न्हाई, वहिनी.”

मजकुराखाली चार बोटं कोरा कागद होता. दानीएलनं तो पाहिला आणि म्हणाला, “मरियम, साखर आन जरा.”

त्या एका वाक्यानं मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. याला सगळं कळलंय, आणि हा मला वाचवतोय!

आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी एसटी धरून ते श्रीगोंद्याला गेले. चौकट भिंतीवरून काढायला लावली, कागद मांडीवर घेतला आणि दुष्काळाची हकीकत सगळी लिहिली. खडी, सुकडी, रोजची संध्याकाळ. मग खाली लिहू लागले, ‘त्याच साली काष्टीचे सहादेव मास्तर यांनी आपला संघ...’

दानीएलनं त्यांचा हात धरला. “ते नको लिहूस.”

“का? खरं हाय ते.”

“असंल. पन मानपत्र माझं हाय. माझ्या भिंतीवर तुझी नालस्ती मी लावनार न्हाई.”

मास्तरांनी ब्लेडनं ती अर्धी ओळ खरवडली. येताना एसटीत ते धुमसतच होते. खरं बोलायचा मोठेपणासुद्धा या माणसानं त्यांना एकट्याला घेऊ दिला नव्हता.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी कपाट उघडलं आणि अकरा पोरं गोळा केली. जानेवारीत राहुरीच्या सामन्यांत काष्टीची गाठ दानीएलच्या पोरांशी पडली आणि काष्टी दोन गोलांनी हरली. दानीएल हात मिळवायला आला. मास्तरांनी हात दिला, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. एसटी सुटायच्या आत त्यांनी पोरांना स्टँडमागच्या माळावर नेलं आणि दोन दगड मांडून घाम निघेस्तोवर त्या गोलात चेंडू मारायला लावले.